मुलांचे दुधाचे दात कधी पडतात? (आमचा अजून एकही नाही)

मुग्धा_ठाणे

मंडळी, लेक सव्वासात वर्षांची आहे, दुसरीत. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांच्या खिडक्या उघडल्यात. स्नेहसंमेलनाच्या फोटोत सगळी बोळकी हसताहेत आणि ही एकटी तोंड मिटून उभी. रोज ब्रश करताना खालचे दोन दात बोटाने हलवून बघते, ते तसूभर हलत नाहीत. परवा रात्री विचारत होती, "मी मोठी होत नाहीये का?"

सासूबाई म्हणतात, उशिरा पडणारे दात चांगले. नवरा म्हणतो एक्सरे काढू. किती उशीर म्हणजे काळजीचा उशीर, हे कुणी सांगेल का?

दुसरं म्हणजे, खालच्या एका मागच्या दाढेला काळा खड्डा पडलाय. शाळेच्या तपासणीत भरून घ्या म्हणून लिहून दिलंय. घरात एकमत असं की दुधाचीच दाढ आहे, आज ना उद्या पडणार, तिच्यावर कशाला खर्च. तुमचं काय मत?

कैरीपन्हे

आमच्या चिरंजीवांचा पहिला दात आठव्या वाढदिवसाच्या तोंडावर पडला. मुळात पहिला दात आलाच होता वर्षाचा झाल्यावर. ज्याचे उशिरा येतात त्याचे उशिरा पडतात, असं आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले होते. हिचे कधी आले होते?

मुग्धा_ठाणे

अकराव्या महिन्यात पहिला. उष्टावणाच्या फोटोत तोंडात एकही दात नाही.

कैरीपन्हे

मग झालं तर. तुमच्या दोघांचे कधी पडले तेही आजीला विचारा, हे घराण्यात असतं.

खडूस_काका

आमच्या वेळी कुणाचा दात कधी पडला हे आईलाही ठाऊक नसायचं. घरात सहा पोरं, कुणाकुणाचं तोंड बघणार? हलायला लागला की मोठा भाऊ दोरा बांधायचा, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि कुणीतरी दार लावायचं. दात एकीकडे, आम्ही दुसरीकडे. एक्सरे वगैरे काही नाही. सगळे बत्तीस आले व्यवस्थित.

बिनसाखरेचा

काका, बत्तीसपैकी आता किती शिल्लक? (हलकेच घ्या)

खडूस_काका

कवळी मोजायची की नाही ते सांग, मग उत्तर देतो.

वऱ्हाडी_ठेचा

काई होत नाई ताई. माह्या पोराचे सहाव्या वर्षीच धडाधड पडले. आता नऊचा हाय, तं वरच्या दोन पटाशीच्या दातांच्या मधात एवढी मोठी फट, अन् दात कसे बाहेरच्या अंगाला पसरलेले. बायको रोज म्हणते तारा बसवा. फटीचं काय करावं ते सांगा कोणी.

दाढदुखी_डॉक्टर

मी दंतवैद्य आहे, लहान मुलांचंच काम करते. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, एकेकाचं घेते.

मुग्धा, खालचे मधले दोन दात साधारण सहा ते सात वर्षांच्या दरम्यान पडतात, त्यांच्या मागोमाग वरचे मधले. त्यांच्या शेजारचे सात ते आठ. मग दीड-दोन वर्षं बहुतेक काहीच घडत नाही. सुळे आणि दाढा नऊ ते बारामध्ये जातात. मुलींचे मुलांपेक्षा जरा लवकर. पण हा सगळा सरासरीचा हिशोब, वर्षभर इकडेतिकडे होणं अगदी नेहमीचं. अकराव्या महिन्यात पहिला दात आलेल्या मुलीचा सव्वासातला एकही पडलेला नसेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. आठ होत आले आणि एकही हलत नसेल तर एक्सरे काढून खाली पक्के दात आहेत ना, ते बघावं. दातांबरोबर उंचीही मागे राहिली असेल, मूल सुस्त वाटत असेल, तर थायरॉइड तपासून घ्यायला सांगते. उलट बाजूने, चार-पाच वर्षांच्या आतच मार न लागता, कीड नसताना दात पडू लागले तर मात्र लगेच दाखवा. उशिरापेक्षा ते जास्त काळजीचं.

काका, दोरा नको. दुधाच्या दाताला चांगलं लांब मूळ असतं. खालून पक्का दात वर सरकायला लागला की ते मूळ हळूहळू विरघळतं. म्हणून आपोआप पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही आणि रक्तही दोन थेंबांपलीकडे येत नाही. मूळ शिल्लक असताना ओढलात तर दुखतं, कधी तुकडा आत राहतो. मुलाने स्वतः जिभेने, स्वच्छ बोटाने हलवत राहावं. पेरू, गाजर, मक्याचं कणीस खायला द्यावं.

ठेचाभाऊ, तारा आता नकोत. बाजूचे सुळे हाडातून खाली येत असतात, ते पटाशीच्या दातांच्या मुळांना रेटतात, म्हणून दात पसरतात. सुळे अकरा-बाराला खाली आले की फट बहुतेकांची मिटते. तोवर एकदा दाखवून ठेवा, घाई नको.

मुग्धा, आता एक काम करा. ती खड्ड्याची दाढ पुढच्या मधल्या दातापासून मोजत गेलं तर कितवी येते?

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरबाई, बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणते, बाराव्या वर्षापर्यंत वाट पाहीन, मंग तुम्हाला शोधत येईन.

आंबोळी

आमच्याकडे सावंतवाडीला आजी पडलेला दात शेणाच्या गोळ्यात दडपायची आणि कौलांवर भिरकवायला लावायची. सोबत "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे". नेम चुकून गोळा अंगणात पडला तर दात वाकडा येणार. माझा दोनदा चुकला, आणि आहेत माझे दोन वाकडे. आता काय म्हणाल?

जाता जाता, वरचे दात आधी आले तर मामाला जड, असंही होतं आमच्यात. मामाने चांदीची वाटी द्यायची म्हणजे दोष जातो. माझ्या मामाने भाचरांच्या दातांपायी बऱ्याच वाट्या दिल्यात बिचाऱ्याने.

निशिगंध

आमच्याकडे साताऱ्याला तुळशीत पुरायचे. कौलाचं चुलतभावाकडे होतं.

बिनसाखरेचा

आम्ही चौदाव्या मजल्यावर. गच्चीला कुलूप, चावी सेक्रेटरीकडे. मुलीचा दात पडल्यावर चावी मागायला गेलो. "कारण?" या रकान्यात "उंदीरमामा" लिहिलं. त्यांनी शांतपणे सही केली. मात्र पुढच्या सभेत पेस्ट कंट्रोलचा विषय निघाला तेव्हा माझ्याकडे बघितलं.

आंबोळी

हसून हसून पुरेवाट!

टेक्सासची_सून

इकडे उशीखाली दात ठेवायचा, रात्री परी येऊन पैसे ठेवून जाते. मुलाच्या वर्गात कुणाला एक डॉलर, कुणाला वीस. लेकाने विचारलं, आपली परी गरीब आहे का? शेवटी मी सांगितलं की आपण मराठी असल्यामुळे आपल्याकडे उंदीरमामा येतो आणि तो पैसे देत नाही, दात देतो. आता तो वर्गात हेच सांगतो. शिक्षिकेची चिठ्ठी आली, तुमच्या घरी उंदीर आहेत का, काही मदत हवी आहे का.

खडूस_काका

दाताचे पैसे द्यायचे म्हणजे कमाल झाली. उद्या नखं कापल्याचेही मागतील.

माद्रिदकर

उंदीर आपल्याकडेच नाही हो. मी स्पेनमध्ये राहतो, इथे परी नाहीच, पेरेझ नावाचा उंदीर येतो. १८९४ च्या सुमारास आठ वर्षांच्या बालराजा अल्फोन्सो तेराव्याचा दात पडला तेव्हा लुईस कोलोमा या पाद्रीबाबांनी त्याच्यासाठी या उंदराची गोष्ट लिहिली. माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर आठ नंबरच्या इमारतीत हा उंदीर राहायचा म्हणे, तिथे त्याच्या नावाची पाटी आहे आणि छोटं संग्रहालयसुद्धा. फ्रान्समध्येही उंदीरच. जपानी शेजारीण सांगते की त्यांच्यात खालचा दात छपरावर आणि वरचा जमिनीखाली टाकतात, म्हणजे नवा दात जुन्याच्या दिशेने सरळ वाढतो.

गोगलगाय

पण उंदीरच का? इतका घाणेरडा प्राणी.

दाढदुखी_डॉक्टर

कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून झिजवले नाहीत तर त्यालाच जड जातं. दातांच्या बाबतीत देणगी मागायला त्याच्याइतका श्रीमंत दुसरा कोण?

मुग्धा_ठाणे

डॉक्टर, मोबाईलचा टॉर्च लावून मोजले. मधल्या दातापासून सहावी. सगळ्यात शेवटची. आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढेच आहेत. म्हणजे खाली बारा झाले, दहा असतात ना?

दाढदुखी_डॉक्टर

म्हणून तर विचारलं. दुधाचे दात एकूण वीस, म्हणजे एका बाजूला वरखाली पाच-पाच. सहावी आहे ती पक्की दाढ. ती साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागे, रिकाम्या जागेत उगवते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, रक्त येत नाही, मूल तक्रार करत नाही, म्हणून निम्म्या घरांना ती आल्याचं कळतच नाही. वर ती इतकी मागे असते की ब्रश तिथवर पोचत नाही. चावायच्या बाजूला खोल खाचा असतात, त्यात बिस्किटाचा चिकटा बसतो, आणि येऊन वर्ष होतंय तोच कीड.

ही दाढ पुन्हा येणार नाही. या आठवड्यात भरून घ्या. उरलेल्या तीन सहाव्या दाढांच्या खाचाही बुजवून घ्या, त्याला सुई लागत नाही, दुखत नाही. आणि लेकीला सांगा, तू मोठी व्हायला सुरुवात केव्हाच केली आहेस, मागून.

कैरीपन्हे

बाप रे! मी आत्ता झोपलेल्या मुलाचं तोंड उघडून मोजतेय.

निशिगंध

डॉक्टर, सहावी दाढ पटली. पण दुधाच्या दाढांच्या बाबतीत माझा अनुभव कडू आहे. मुलगा पाच वर्षांचा असताना एका दवाखान्यात तीन दुधाच्या दाढांचं रूट कॅनाल आणि वर टोपी असा पाच आकडी खर्च सांगितला. आम्ही उठून आलो. दुसरीकडे गेलो तर त्यांनी दोन दाढा नुसत्या भरल्या, एक काढली. पोरगं आता तेराचं आहे, धडधाकट आहे. पडणाऱ्या दातांवर एवढा खर्च म्हणजे आईबापांच्या भीतीवर चाललेला धंदा, असं माझं स्पष्ट मत.

खडूस_काका

+१. निशिगंधताईंशी शंभर टक्के सहमत.

दाढदुखी_डॉक्टर

निशिगंध, दुसरं मत घेतलंत ते उत्तम केलंत, सगळ्यांनी घ्यावं. तुमच्या मुलाच्या दाढांत कीड किती खोल होती हे मला इथून सांगता येणार नाही. नुसतं भरून भागत असेल तर टोपी घालू नये, यात वादच नाही.

पण "पडणारच आहे" हे वाक्य पुढच्या दातांना चालेल, दाढांना नाही. दुधाची शेवटची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत राहते. पाचव्या वर्षी किडली तर आणखी पाच-सात वर्षं मुलाने तिच्यावरच जेवायचंय. पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातावर डाग पडू शकतो. आणि ती लवकर काढली तर मागची सहावी दाढ पुढे सरकून ती जागा खाते, मग खालच्या दाताला वर यायला वाटच उरत नाही. म्हणून काढलीच तर तिथे तारेचं एक छोटं कडं बसवतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तेवढंच त्याचं काम. तुमच्या मुलाला ते बसवलं होतं का?

निशिगंध

नव्हतं बसवलं. आणि हो, त्या बाजूचा एक दात आतल्या अंगाला आलाय. तारा सुरू आहेत सध्या. तारांचा खर्च लिहीत नाही.

तरीही म्हणते, त्या पहिल्या दवाखान्याने हे असं शांतपणे सांगितलं असतं तर आम्ही उठलो नसतो. तिथे आधी पॅकेज सांगितलं, मग दाढ दाखवली.

दाढदुखी_डॉक्टर

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमचा राग रास्त आहे.

गोगलगाय

विषयांतर करते. पडलेले दात जपून ठेवता का कुणी? माझ्याकडे दोन्ही मुलांचे कुंकवाच्या डबीत आहेत, नवरा म्हणतो भुताटकी आहे. पण मी त्याला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराची गोष्ट ऐकवते. अमेरिका-रशिया उघड्यावर अणुचाचण्या करत होते त्या काळात, १९५८ पासून, तिथल्या डॉक्टर आणि शास्त्रज्ञांनी लोकांकडून मुलांचे पडलेले दात मागवले. तीन लाखांवर जमले. स्फोटातलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य वाऱ्यावर पसरून गवतावर पडतं, गाय ते खाते, दुधातून मुलांत जातं, आणि शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत-दातांत बसवतं. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं प्रमाण वाढलेलं दिसलं. १९६३ मध्ये हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला, त्यासाठीच्या लोकमतात या दातांचाही हात होता. दात पाठवणाऱ्या मुलांना बिल्ला मिळायचा, "मी माझा दात विज्ञानाला दिला" असा.

बिनसाखरेचा

हे भारी आहे. उंदीरमामाला पहिला तगडा स्पर्धक.

टेक्सासची_सून

आम्हाला एका कंपनीचा फोन आला होता, दुधाच्या दातातल्या मूळपेशी गोठवून ठेवा म्हणून. दरवर्षीचं भाडं वेगळं. डॉक्टर, यात तथ्य आहे का?

दाढदुखी_डॉक्टर

दुधाच्या दाताच्या गरात मूळपेशी असतात हे खरं, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण त्या वापरून रोजच्या दवाखान्यात करता येईल असा उपचार आज नाही. मी माझ्या मुलीचे ठेवलेले नाहीत. ते पैसे ब्रश, पेस्ट आणि सहा महिन्यांच्या तपासणीवर घालवा.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरबाई, अजून एक. माहा साळा यवतमाळकडच्या खेड्यात ऱ्हायते. त्याच्या पोरीचे दुधाचे दात पांढरेफेक होते, नवे आले ते पिवळे, त्यावर तपकिरी पट्टे. अख्ख्या वर्गाचे तसेच. पेस्ट बदलून पायली, काई फरक नाई.

दाढदुखी_डॉक्टर

नवे दात दुधाच्या दातांपेक्षा थोडे पिवळसर दिसतातच, त्यात घाबरण्यासारखं नसतं. त्यांची कडही सुरुवातीला करवतीसारखी असते, ती झिजते. पण तपकिरी पट्टे आणि अख्खा वर्ग म्हणजे पाणी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दातांवर डाग दिसू लागतात, त्याहून खूप जास्त झालं तर हाडांनाही धोका. पक्क्या दातांचा वरचा थर पहिल्या सात-आठ वर्षांत हिरडीच्या आत तयार होतो, म्हणून डाग नव्या दातांवर येतात आणि पेस्टने जात नाहीत. धाकटी भावंडं असतील तर त्यांच्यासाठी पाणी बदला, ग्रामपंचायतीकडून बोअरची तपासणी करून घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, हे साळ्याला आवर्जून सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

धाकटा तीन वर्षांचा हाय. आजच फोन लावतो.

खडूस_काका

जुन्या लोकांनी यावर विचार केलाच नव्हता असं समजू नका. काश्यपसंहितेत, म्हणजे बालरोगांवरच्या जुन्या आयुर्वेदग्रंथात, दातांवर स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवतात आणि बाकीचे चोवीस पडून पुन्हा येतात, असं स्पष्ट दिलंय.

कैरीपन्हे

पण काका, डॉक्टरांच्या हिशोबाने वीस पडतात, म्हणजे एकदाच येणारे बारा. चारांचा फरक येतोय.

बिनसाखरेचा

चार सहाव्या दाढा! काश्यपांच्या घरीही त्या दुधाच्याच समजले असणार.

मुग्धा_ठाणे

आज जाऊन आलो. दाढ भरली, बाकी तिघींच्या खाचा बुजवल्या. एक्सरेत खालचे सगळे पक्के दात दिसले, पुढच्या दोघांची मुळं नुकतीच झिजायला लागलीत. सहा महिन्यांनी या म्हणाले. लेकीने एक्सरे मोबाईलमध्ये घ्यायला लावला आणि उद्या वर्गात दाखवायचा हट्ट धरलाय, कारण "बाकीच्यांचे फक्त पडलेत, माझे आतले कुणाला माहीत आहेत?" सासूबाईंनी स्वतःच्या दाढा मोजायचा प्रयत्न केला, तो विषय लवकर संपला. सगळ्यांचे, विशेषतः डॉक्टरांचे आभार.

आंबोळी

पडला की कळवा. आमच्याकडे अजून कौलं शिल्लक आहेत, पोस्टाने पाठवलात तरी टाकून देईन.

रात्रपाळी

उशिरा आलो धाग्यावर. माझं वय चौतीस. धागा वाचून आरशात मोजले, तर खाली डावीकडे पाचवी जी आहे ती बाकीच्यांपेक्षा बुटकी आणि रुंद. दुधाचीच राहिली असेल का? या वयात?

दाढदुखी_डॉक्टर

अगदी शक्य आहे. काही जणांत तिच्या खालचा पक्का दात तयारच झालेला नसतो, आणि खालची पाचवी हे त्याचं नेहमीचं ठिकाण. खालून रेटणारं कुणी नाही, त्यामुळे मूळ पुष्कळदा टिकतं आणि दाढ चाळिशी-पन्नाशीपर्यंतही काम देते. पूर्ण जबड्याचा एक्सरे काढा. चांगली असेल तर काढू नका, कुणी हौसेने काढायला सांगितलं तरी. फक्त तिच्यावर सुपारी वगैरे फोडू नका.

रात्रपाळी

सुपारी आजपासून बंद. चिक्की?

दाढदुखी_डॉक्टर

उजवीकडून.